बाबाच्या मैदानांवर एक रविवार

एटापल्ली, सोमवार

बाबाले रंजीताचा नमस्कार. आईले सांगा, मी दोन्ही टाइम पोटभर जेवून राह्यली.

काल माझ्या शाळेतल्या कुंताबाईच्या स्कूटीवर आमी दोघी फिरलो. तुमी जवानीत जिथी जिथी टूर्नामेंट खेळले, ते सारे मैदान पाहून आलो. अहेरीत पोरायनं मले बी बॅट देली. दुसऱ्याच बॉलवर बोल्ड झाली! आलापल्लीत सागाच्या सावलीत डबा खाल्ला. अंधाराच्या आधी परत आलो, काळजी नोका करू.

इथल्या मैदानावर गिरमाभाऊ मडावी पिचवर चुना मारत होते. तुमचं नाव सांगितलं तं चुन्याचा डबा खालीच ठेवला. "चिमूरचा दादाजी? मले असा सिक्स मारला, बॉल सापडलाच नाई!" लय हासले. मंग म्हणाले, "आता काऊन येत नाई तो?"

तुमच्या लकव्याचं सांगितलं. डबा परत उचलत म्हणाले, "दिवाळीनंतर मॅच हाय. अंपायर म्हणून आण त्याले. खुर्चीवर बसाचं अन् बोट वर कराचं."

तुमाले न इचारता मी हो म्हणून टाकलं. बाबा, उजव्या हाताचं बोट वर होते का आता? रोज करून पाहा, अन् आईले लिहून कळवाले सांगा.

तुमचीच,
रंजीता