तळ्याकाठच्या चादरी

सोमवार, ३ नोव्हेंबर

म्हणे आमच्या चादरींमुळे तळं दिसत नाही! हॉटेलच्या मॅनेजरने आज सगळ्यांदेखत सुनावलं — "पाहुणे लांबून तळं बघायला येतात, तुमचं धुणं बघायला नाही." अरे बाबा, धुणं कुणाचं? तुझ्याच पाहुण्यांचं! लोळायचं त्यांनी, आणि तीच चादर काठावर वाळताना दिसली की डोळ्यांत खुपते. तोंडावर म्हटलं मी. धाकटी जाऊ मागून चिमटे काढत होती.

मंगळवार, ४

पूर्वी गावाचे कपडे धुवायचो. आता गावातली निम्मी घरं पाहुण्यांना भाड्याने. हॉटेलचं काम गेलं तर चूल थंड. हे मॅनेजरला पक्कं ठाऊक, म्हणून तर जीभ एवढी सैल.

बुधवार, ५

नवा हुकूम — चादरी हॉटेलमागे, स्वयंपाकघराला लागून वाळवा. तिथे ऊन औषधालाही नाही. वाळवल्या.

शुक्रवार, ७

हसून हसून पोट दुखलं! चादरींना तळलेल्या कांद्याचा वास! एका पाहुणीने नाक धरून चादर मॅनेजरच्या टेबलावर नेऊन टाकली. तो आमच्यावरच डाफरला, "नीट धुतल्याच नाहीत!" मी बादली त्याच्यापुढे ठेवली. "घ्या, धुवून दाखवा." आणि आम्ही दोघी जावा चालत्या झालो. आता चादरी पुन्हा काठावर, आमच्या दोऱ्यांवर.

रविवार, ९

आमचे खांब उपटले! दोऱ्या कापल्या! तिथे हॉटेलचं कुंपण येणार. जाऊ रडली. मी नाही रडले. तळं काय त्याच्या बापाचं आहे? घरी येऊन एवढी बडबडले, पण नवरा एका शब्दाने बोलला नाही. घुम्या कुठला.

मंगळवार, ११

घुमेपणाचं कारण कळलं. त्याने हॉटेलात माळीकाम धरलंय, मला न विचारता! "दोघांतल्या एकाचं तरी टिकायला नको?" म्हणतो. आणि पहिलं काम कोणतं? काठावर कुंपणासाठी खड्डे खणायचं. ताट आदळलं मी त्याच्यापुढे. सांडलेलं वेचून जेवला. त्याचंही खरं असेल. पण मी काठ सोडणार नाही.

बुधवार, १२

सकाळीच गेले. त्याने खणलेल्या खड्ड्यांत आमचे खांब उभे केले, त्याच्या डोळ्यांदेखत. वाटलं, आता खेकसेल. त्याने फावडं उचललं, खांबाभोवती माती लोटली, पायाने घट्ट दाबली. हॉटेलच्या गच्चीवरून मॅनेजर बोंबलत होता.

"गेली तुझी नोकरी," मी म्हटलं.

"दोरी धर," तो म्हणाला.