बांबूले प्लास्टिकची थैली

३ एप्रिल, गुरुवार

दुकानात गिऱ्हाईक नाही. साडूभाऊचा फोन. त्याइची पोरगी जपानहून सुट्टीवर आली, संग शाकुहाची आनली, जपानी बासरी. खरी, बांबूची. खालचा मुळाचा गड्डा तसाच ठेवलेला. लगेच फोटो. एका बासरीचे इतके फोटो कोनी काढते काय?

आता मले सांगा, या घरात शाकुहाचीचं नाव आनलं कोनं? मी. मोबाइलवर पाहून, दुकानातल्याच प्लास्टिक पाइपाचा तुकडा कापला. समोर चार भोकं, मागं एक, तोंडाशी तिरपा काप. उभी धरून फुकाची असते. पह्यला सूर निंगाला तवरक ओठ सुजले होते. तवा हेच साडूभाऊ म्हनत, "नळ फुकून राह्यला काय बे?"

अन् आता त्याइलेच बांबूची, फुकटात. जळलं माह्यं. लिहूनच ठेवतो, जळलं.

६ एप्रिल, रविवार

किन्हीराजा, सासुरवाडी. २७ तारखेला मामाजीची पंचाहत्तरी. त्या दिवशी मी वाजवाचं, हे कवाचं ठरलेलं. मामाजीनं, म्हनजे माह्या सासऱ्यानं, जन्मभर भजनात बासरी वाजवली. आता दात गेले, फुक धरत नाही. मी गेलो की डोळे मिटून माह्या पाइपाचं आयकतात. त्याच्यासाठीच त जातो मी.

आज साडूभाऊनं पिशवीतून बांबूची काढली. मामाजीनं हातात फिरवली, वास घेतला, कपाळाले लावली. माह्या पाइपाले कधी कपाळाले नाही लावलं.

ताई (सौ.ची मोठी बहीन, म्हनजे साडूभाऊची मंडळी) म्हनते, "पंचाहत्तरीले आमचे हेच वाजवतीन. पाव्हन्यारावळ्यात नळाचा पाइप कसा दिसते?"

मामाजी एक शब्द बोलले असते त काय बिघडलं असतं! साडूभाऊले अजून नुसतं फूऽ फूऽ येते. "शिकतो ना तवरक," म्हनतात. शिका.

येतानी गाडीवर सौ.शी बोललो नाही. तिचा काय कसूर, पन नाही बोललो.

११ एप्रिल, शुक्रवार

ऊन असं की दुकानाच्या पत्र्याखाली बसवत नाही. एका जपानी कारागिराचा व्हिडिओ पाह्यला. भाषा कळत नाही, खाली लिहून येते. कोरड्या हवेत बांबू तडकते म्हने. बंद थैलीत ठेवा, आत जरासा ओलावा पाह्यजे.

लावला फोन. "भाऊ, ते बासरी प्लास्टिकच्या थैलीत ठेवा. आत ओला फडका."

इतके हासले की खोकला लागला. "बांबूले प्लास्टिकात? तुले त सपनातही पाइपच दिसत असन बे! जळू नको इतका."

बासरी त्याइच्या देवघरात हाय. लाल कापडावर, हळदकुंकू लावून, समईच्या बाजूले. पोरीनं सांगतलं का देवघरात ठेवा म्हून? दुसऱ्यांदा नाही सांगतलं मी. मरू दे.

१६ एप्रिल, बुधवार

तडकली.

भर दुपारी आवाज आला. ताईले वाटलं कपबशी फुटली. तोंडापासून तिसऱ्या भोकापर्यंत चीर. ताई फोनवर सौ.पाशी रडली, मले बाजूले आयकू येत होतं. "ह्याइचीच नजर लागली." ह्याइची म्हनजे माह्यी! मीठ-मिरच्या ओवाळल्या म्हने बासरीवरून, माह्या नावानं.

अरे, मी सांगतलं होतं ना! धडधडीत सांगतलं होतं!

पन आयकल्याबरोबर आधी हासू आलं मले. मग राग आला. हासू आधी, हेही खरं.

१८ एप्रिल, शुक्रवार

साडूभाऊ शेलूबाजारले आले, माह्या दुकानात. बासरी टॉवेलात गुंडाळलेली. तोंड उतरलेलं.

"तू पाइपवाला. जमते का पाह्य."

चहा बोलावला त म्हनतात, "नजर-बिजर मी मानत नाही. तुह्यं आयकाले पाह्यजे होतं."

पाइप जोडाचं सोल्युशन नाही लावलं. वरून पक्का दोरा आवळला, थैलीत घातली, आत ओला फडका, तोंड बांधून कोपऱ्यात. दिवसभर नजर तिकडंच.

२२ एप्रिल, मंगळवार

चीर मिटली. नख फिरवलं, कुठीच अडकत नाही.

शटर अर्धं ओढून वाजवली.

आता काय लिहू. आजवर सगळ्याइले सांगत आलो, पाइप असो का बांबू, सगळं फुकनाऱ्यावर असते. खोटं हाय. फरक हाय. लय फरक हाय. हळू फुकलं तरी सूर भरून येते, दाबून फुकलं की घोगरा होते, थेट छातीत. लगेच माह्यी घेतली वाजवाले. पातळ वाटली, कोरडी. इतकी मेहनत या पाइपावर केली मी! अन् हे असलं लेनं त्याइच्या देवघरात, ज्याइले धड फुकता येत नाही.

हे वापस द्याचं. रविवारी मामाजीपुढं साडूभाऊ हिच्यावर फूऽ फूऽ करतीन अन् मी पंगतीत वाढत फिरन.

२५ एप्रिल, शुक्रवार

साडूभाऊचा फोन. "झाली का?"

"नाही भाऊ. चीर तशीच. रविवारचा भरवसा नका ठेवू." तोंडातून निंगून गेलं. निंगून काय गेलं, ठरवूनच बोललो.

मग म्हनतात, "जाऊ दे. मंग तूच वाजव पाइपावर, मामाजीले सांगतो मी. अन् ते राहू दे तुह्यापाशीच. चिरलेली मी काय करू? तुले तरी कामी पडन."

काहून असा वागते हा मानूस? चार शिव्या देल्या असत्या त बरं वाटलं असतं मले.

बांबूची मिळाली. पन वाजवू कोनापुढं? वाजवली की चीर नाही हे सगळ्याइले समजते.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी मागच्या खोलीत दार लोटून वाजवत बसलो. मन भरत नाही. सौ. किन्हीराजाले न्याची पिशवी भरत होती. दार उघडून उभी राह्यली.

"हे पाइपाचं नाही."

मी थांबलो. तिनं हात पुढं केला, मी बासरी देली. दोरा सरकवून तिनं चिरीच्या जागेवरून बोट फिरवलं. मग परत एकदा, हळू.

"इथं त काहीच नाही. ताई त चीर तशीच म्हनत होती."

तिनं बासरी माह्या मांडीवर ठेवली.

"भाऊजीले फोन तुमी करता का मी करू?"

मोबाइल माह्यासमोर ठेवला अन् भाकरी टाकाले गेली.