कुसुमला मिळालेला एक तारा

तीर्थस्वरूप माधवीअक्कास,

चिक्कडपल्लीहून तुझ्या धाकट्या भावाचा, बाळकृष्णाचा, साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली तो कागदावरच घालता येतो.) तुझा रक्तदाब आणि नांदेडचा उकाडा, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे कुसुमच्या कानात बोलणं, आणि विषय तिचाच आहे.

विनय बंगळुरूला गेल्यापासून वरची खोली रिकामी पडली होती. त्यानेच ती मोबाइलवरच्या एका कंपनीत नोंदवून दिली. म्हणाला, "नाना, लोक येतील, राहतील, जातील. तुम्ही फक्त किल्ली द्यायची." हे 'फक्त' आपल्या घराण्यात कधी कुणाला जमलंय? घरी उतरला तो पाहुणा, आणि पाहुणा उपाशी बाहेर पडला तर कुसुमला दिवसभर चैन नाही. निघताना हातावर दही-साखर ठरलेली. हे लोक गेल्यावर कंपनीच्या पानावर आपल्याबद्दल लिहितात आणि तारे देतात, हे आम्हाला उशिरा कळलं. एका दिल्लीवाल्याने लिहिलं, 'निघताना परवानगीशिवाय तळहातावर ओला पदार्थ ठेवला जातो.' दुसऱ्याने लिहिलं, 'नाश्ता संपेपर्यंत मालकीणबाई दारात उभ्या असतात.' आता मी जन्मभर महसूल खात्यात टिपणं लिहिलेला माणूस, गप्प कसा बसणार? प्रत्येकाला मुद्देसूद खुलासा पाठवला ('मुद्दा दुसरा: सदर पाहुण्यांनी तोच उपमा पुन्हा मागून घेतला होता'). तो खुलासा साऱ्या जगाला दिसतो, हे शेजारची भाग्यलक्ष्मी जिना चढून "अंकल, मीरु फेमस अयिपोयारु!" (तुम्ही तर फेमस झालात!) असं तेलुगूत ओरडत आली तेव्हा समजलं. विनयने फोनवर माझी जी कानउघाडणी केली ती इथे लिहीत नाही.

इथवर मला हसूच येत होतं. मग उदय आला. नागपूरचा मुलगा, इंटरव्ह्यूसाठी आलेला, अबोल, रात्रभर खोकत होता. कुसुमने काढा करून दिला. "आईही असाच करते," एवढं तो म्हणाला, आणि आई त्यात काय काय घालते ते विचारायला म्हणून हिने तिचा नंबर मागितला. भिडस्त पोराने दिलाही. दुसऱ्या दिवशी हिने काढ्याचं विचारता विचारता आईला धीर दिला, "खोकला आहे थोडा, पण फिकीर नका करू, इंटरव्ह्यूपर्यंत ठणठणीत करते." आईच्या समजुतीप्रमाणे मुलगा पुण्याला नोकरीवर होता. ती सुटल्याचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं. बिचारी फोनवर रडायलाच लागली. उदयने बॅग भरली, दही न घेता गेला. एक तारा दिला आणि लिहिलं, 'आईला जे मी सांगायचं होतं, ते मालकीणबाईंनी सांगितलं.' याला मात्र मी खुलासा पाठवला नाही. पोराचं काय चुकलं?

तेव्हापासून वरच्या खोलीच्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे. लोक स्वतःच उघडतात, स्वतःच लावून जातात. जिन्यावर पाऊल वाजलं की कुसुम टीव्हीचा आवाज वाढवते. स्वयंपाकात जीव नाही, रोज खिचडी. परवा एकाने पाच तारे दिले, 'घरात कोणी आहे हे जाणवलंच नाही. उत्तम.' विनयने अभिनंदनाचा फोन केला. कुसुम "बरं झालं" म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत बसली. अक्का, मला फार वाईट वाटलं. या बाईने जरा कमी बोलावं असं मला आयुष्यभर वाटायचं. आता ती बोलत नाही तर मला घरात बसवत नाही.

भावजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू

ता. क. वरच्या खोलीचं बुकिंग मी विनयला न विचारता बंद केलंय. तू ये. कुसुमच्या आमटीला तुझ्याइतक्या अधिकाराने नावं ठेवणारं दुसरं माणूस नाही, आणि तुला उलट उत्तर दिल्याशिवाय ती कधी राहिलेली नाही. जे काय सुनावायचं ते तोंडावर सुनाव. चांगली महिनाभर राहा.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घालताना कुसुमने पकडलं. कुणाला लिहिलंय ते सांगावं लागलं. "वन्संना कशाला बोलावता? पहिल्याच घासाला म्हणतील, चिंच कमी पडली," असं म्हणाली आणि पिशवी उचलून तडक नारायणगुड्याच्या बाजारात चिंच आणायला गेली. अक्का, आता तब्येतीचं कारण सांगू नकोस.