पाचवा मैल, शेंदराखाली

११ जाने., रवि.

आला! लेख आला! पुरवणीत पान तीन, फोटोसकट. जुन्या सोलापूर रस्त्यावरचे मैलाचे दगड. तिसरा, चौथा, सहावा, सातवा, चारही मी स्वतः हुडकलेले. पाचवा सापडला नाही, तर ठोकून दिलंय: रस्तारुंदीकरणात नष्ट. हे म्हणाले, "विश्रांतवाडीतून हडपसरला दगड बघायला जाणारी अख्ख्या पुण्यात तूच एक." असू दे. टेलिफोन ऑफिसात जन्मभर लोकांचे फोन जोडले, आता लोक मला फोन करतात.

दुपारी आलाच एक. हडपसरच्या एका सोसायटीचे चेअरमन. माझे लेख कापून ठेवतात म्हणे! गेटजवळ शेंदूर फासलेला दगड आहे, गाड्या वळवायला अडचण. "मॅडम, आपण फक्त सांगा, याला इतिहास-बितिहास काही नाही. आपल्या शब्दाला वजन आहे." वजन! ऐकूनच पाव किलो वाढले.

१३ जाने., मंगळ.

अगं बाई गं! चपलाही न काढता लिहायला बसलेय.

गेले. वाकले. शेंदराचा थर बोटभर जाड, पण माथा गोल, कडा छिन्नीच्या. टेप लावली. रुंदी चौथ्याइतकीच, तंतोतंत. चेअरमन पार्किंगचा नकाशा आणायला आत गेले तेवढ्यात, शेंदराचा पोपडा सुटला होता तिथे बोटं फिरवली. वर आडवी रेघ. खाली पोट. पाच! इंग्रजी पाच! मी छापून "नष्ट" केलेला पाचवा मैल म्हसोबा होऊन बसलाय.

शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी. हौसाबाई. सोसायटीची जमीन यांच्याच घरची. विकताना एकच अट घातलेली, देव जागचा हलायचा नाही. मघापासून माझ्याकडेच बघत होती.

"बोटं फिरवली, हात न्हाई जोडले."

"आम्ही बौद्ध, मावशी. जोडत नाही."

"मग बघा नुसतं. बघायला कुठं काय लागतंय."

चेअरमनना काही बोलले नाही. घरी येईपर्यंत सिग्नलला थांबल्या थांबल्या एकटीच हसत होते.

१४ जाने., बुध. संक्रांत

तिळगूळ द्यायच्या निमित्ताने पुन्हा हडपसर. स्कूटरच्या काट्यावर मोजलं. चौथ्यापासून मैल भरत नाही! बराच कमी पडतो. शिवाय दगड रस्त्यापासून इतका आत कसा? दगड रोवणारा गोरा साहेब मोजण्यात चुकेल होय? काहीतरी माझंच...

तरी लेख एका बैठकीत लिहिला. असा लेख आयुष्यात एकदाच हातून होतो. भाजी करपली. हे निमूट खातायत.

१७ जाने., शनि.

माझ्या जिभेला हाड नाही. चेअरमनचा फोन आला आणि बोलून गेले, "अहो, तो बहुधा पाचवा मैल आहे!"

वाटलं, माणूस उडी मारेल. मारली, पण भलतीकडेच. "म्हणजे देव नाहीच! मग अट कसली? २६ला झेंडावंदनानंतर मीटिंग आहे, तिथे आपण येऊन सांगा. दुसऱ्या दिवशी जेसीबी."

"अहो, जपायला हवा तो."

"जपू की. आधी फोटो काढू."

फोन ठेवला. मूर्ख! मूर्ख मी.

१९ जाने., सोम.

हौसाबाईंकडे गेले. सरळ सांगून टाकलं, मावशी, हा मैलाचा दगड आहे, आणि मी ते बोलून बसलेय. वाटलं, रडतील, नाहीतर मला हाकलतील.

म्हातारी हसली. "आमाला ठावं न्हाई व्हय?"

मग तिनेच सगळं सांगितलं.

सासरा भाजीची गाडी घेऊन पहाटे पुण्याच्या मंडईला निघायचा. या दगडापाशी थांबून बैलांना पाणी दाखवायचं, आपण भाकर खायची. रस्ता रुंद करायला निघाले तेव्हा मुकादम म्हणाला, फोडून खडी करू. म्हाताऱ्याने रातोरात बैल जुंपले, दगड ओढत आपल्या बांधावर आणला. (म्हणून मैल भरत नाही! साहेब बरोबर, मी बरोबर, काटा बरोबर!) "पन बांधावरचा बी कोनी तरी फोडलाच असता. म्हनून शेंदूर लावला. शेंदराला कोन घन घालतंय?"

मी वही काढली, पेन सापडेना, पर्स उलटी केली. आम्ही इतिहासवाले वारसा-वारसा म्हणून परिसंवाद करतो. या माणसाने दोन मुठी शेंदरात दगड वाचवला. देव नव्हे हे घरात सगळ्यांना माहीत, तरी दर अमावास्येला नवा हात. आता तर नमस्कारही करतात. "सवय झाली," म्हणाली.

माझ्या सगळ्या लेखांची बेरीज केली तरी ही गोष्ट भारी. आणि ही छापली की शेंदराचा जोर संपला.

"मावशी, लिहू का मी?"

"तुमाला लिवाया येतं, मला शेंदूर लावाया येतो. ज्याला जे येतं, त्यानं त्ये करावं."

२५ जाने., रवि.

आज पुरवणीत माझा लेख नाही. संपादकांना कळवलं, थोडं थांबा.

दोन कागद तयार. एकात सगळं खरं, सासऱ्यासकट. दुसऱ्यात तीन ओळी: तपासणीअंती हा मैलाचा दगड नाही, माझा अंदाज चुकला. यांना दोन्ही वाचून दाखवले. हे म्हणाले, "घरी देवाची तसबीर नाही आणि बाहेर म्हसोबाची वकिली?" हसून हसून पुरेवाट. मग म्हणाले, "पण खोटं लिहिलंस तर तुला झोप लागायची नाही." तेही खरंच. आणि खरं सांगून खडी झाली तर?

पाचवा मी एकदा छापून मारलाय. दुसऱ्यांदा नाही मारणार. एवढं नक्की, बाकी काही नक्की नाही.

२६ जाने., सोम.

झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली. मंडपात दीडएकशे माणसं. चेअरमननी माइकवर माझी इतकी स्तुती केली की मलाच मी ओळखू येईना. मग म्हणाले, "बोला मॅडम. दगड की देव?"

पहिल्या रांगेत हौसाबाई. काही खुणावलं नाही, काही नाही. मांडीवर हात, आणि बोटं लालभडक, ताज्या शेंदराची. आज अमावास्या नव्हे.

दोन्ही कागद पर्समध्येच ठेवले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आधी सगळे माझ्याबरोबर गेटपाशी चला. या दगडापाशी बसून एक माणूस रोज भाकर खायचा."

सगळे उठले. चेअरमनही.