धुरकऱ्याचं नाव

सडक अर्जुनी
दि. ५ फेब्रुवारी २०१५

ती. मोहितदादास,
डिंपलचा सा. नमस्कार. मोठ्या भावाला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला, फार मनावर घेऊ नकोस.

इकडे सर्व ठीक. आईचे गुडघे दुखतात. बाबा सकाळी तलावाच्या पाळीवर फिरून येतात. धान विकून झालं. मांजरीला पिल्लं झाली, ती तुझ्या गाडीच्या मागच्या सीटवर. गाडीत नव्हे रे, तू काढून ओसरीत टाकून गेलास त्या सीटवर. आई आता गोंदियाला डॉक्टरकडे एसटीनं जाते, कारण गाडीत मागं बसायला जागा नाही. मांजर मात्र ऐटीत आहे.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून कापतोस. पत्र कापता येत नाही. टेकचंदकाका पुण्याला लेकीकडे चाललेत, त्यांच्या हाती देते आहे.

आधी तुझं अभिनंदन. पुण्यात कंपनीच्या खुर्चीत बसून सडक अर्जुनीच्या धानाच्या बांधीत गाडीच्या शर्यतीत पहिला नंबर काढणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. फेसबुकवर गाडीचा फोटो टाकलास, खाली 'मेहनत का फल' असं लिहिलंस, आणि लोकांच्या प्रत्येक अभिनंदनाला 'थँक्यू भाई' म्हणालास. आयत्या बिळावर नागोबा असतो हे ऐकलं होतं. तो फोटोही टाकतो हे माहीत नव्हतं.

तर मेहनतीबद्दल.

गेल्या दिवाळीआधी तू नागपूरहून त्या जुन्या झेनमध्ये शर्यतीसाठी लोखंडी पिंजरा बसवून आणलास. ते काम मिस्त्रीनं केलं होतं, म्हणून नीट झालं. शर्यतीचे पट्टे मात्र तू स्वतः बसवलेस. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, मध्ये पोटावर गोल कुलूप. अंगणात सतरंजी, सतरंजीवर तू, छातीवर व्हिडिओ चालू असलेला फोन, आणि दर घटकेला चहा. आई म्हणाली, "हे कायले जुपून रायला रे सोताले? बैल हायेस का?" तू डोळे फिरवून म्हणालास, "आई, याला हार्नेस म्हणतात." खोक्यातला सूचनांचा कागद तू घडीसुद्धा न उलगडता फेकलास. इंजिनिअरला कागद लागत नाही म्हणे. मी तो उचलून ठेवला. मी फक्त कॉलेजात फिजिक्स शिकवते, मला वाचावं लागतं.

मग नागपूरच्या शर्यतीत तू पहिल्याच वळणावर गाडी ड्रमावर घातलीस आणि घरी येऊन सांगितलंस की मैदान उताराचं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. त्यानंतर पुण्याला जाताना हुकूम सोडलास: गाडीला कोणी हात लावायचा नाही, डिंपलनं आठवड्यातून एकदा फक्त चालू करून ठेवायची. मी चालू केली. चालू झालेली गाडी उभी ठेवणं मला जमलं नाही, एवढंच. ट्रॅक्टर मी शाळेत असल्यापासून चालवते, तू ट्रॅक्टरवर बसून फोटो काढायचास.

एक दिवस पाळीखालच्या रस्त्यावर बकरी आडवी आली. मी ब्रेक मारला. उजव्या खांद्यावरचा पट्टा मागच्या दांड्याजवळच्या कडीतून सरसर निघून हातात आला आणि माझं कपाळ स्टिअरिंगवर आदळलं. आईला सांगितलं, कपाटाचं दार लागलं. मग तुझा तो फेकलेला कागद वाचला. पट्ट्याचं टोक कडीतून काढलं की फिरवून पुन्हा त्याच कडीतून ओवायचं असतं, म्हणजे ओढ बसली की तो स्वतःलाच आवळतो. तू एकदाच ओवला होतास. ज्याच्या भरवशावर तू नागपूरला बसलास तो पट्टा नव्हताच दादा, सत्कारातला हार होता.

मला तुझी लाज वाटली. आणि नंतर, ड्रमाऐवजी तिथं भिंत असती तर, हे मनात आलं आणि मी तो पट्टा पुन्हा पुन्हा ओढून पाहत बसले. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं, राहू दे.

मी चारही पट्टे काढले, कागदात सांगितलं तसे दुहेरी ओवले, आणि माझ्या अंगाला चोख बसतील एवढे आखूड केले.

बैलांच्या शर्यतींवर कोर्टाची बंदी येऊन शंकरपट बंद झाल्यापासून केशोरावजींच्या पटसमितीजवळ मैदान होतं, मंडप होता, भोंगा होता, ढाल होती, फक्त बैल नव्हते. त्यामुळे नागपूरच्या क्लबाची पोरं हौशी लोकांच्या गाड्या पळवायला जागा शोधत आली तेव्हा समितीनं लगेच हो म्हटलं. कापणी झालेल्या बांध्या, मध्ये बांध-धुरे फोडून केलेला रस्ता, वळणावळणाला झेंड्या. एकेका गाडीनं पळायचं, घड्याळ लावायचं. मी हेल्मेट काखेत धरून टेबलाशी गेले. केशोरावजींनी मान वर न करता विचारलं, "गाडी कोनाची?" मी म्हटलं, मोहित खेमराज कापगते. त्यांनी लिहिलं. "जा बाई." चालवणार कोण, हे त्यांनी विचारलंच नाही. मला वाटलं, ते पुढे विचारतील.

माझीच चूक. मी शंकरपटाच्या गावची पोरगी, मला कळायला हवं होतं. भोंगा ओरडला, "पहिला नंबर, मोहित खेमराज कापगते यांची गाडी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडीतून उतरताना सगळ्यांनी पाहिलं होतं, कोणी कोणाला फसवलं नाही. पटात नाव मालकाचंच घेतात, छकड्यावर उभा राहून जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं घेत नाहीत. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पण तुला ही रीत पक्की माहीत आहे, आणि तू तिच्या आड बसलास. म्हणून राग त्यांचा नाही, तुझा आहे.

मी घरी येऊन बाबांजवळ चिडले. त्यांनी डाव्या हाताचं ते अर्धं बोट माझ्यापुढे धरलं. तुला माहीत आहे ते बोट कशात गेलं. जवानीभर त्यांनी केशोरावजींची जोडी हाकली. बोट कासऱ्यात अडकून तुटलं त्या दिवशीही जोडी पहिली आली होती. सगळ्या ढाली केशोरावजींच्या बैठकीत आहेत. "बैल धावते, नाव मालकाचं होते," बाबा म्हणाले. "धुरकऱ्याचं नाव नसते, बाई." असं म्हणाले जसं काही पावसाळ्यात पाऊस पडतो. मला त्यांचा राग आला नाही, रडू आलं.

आणि मग रविवारी तुझा फोन. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा स्पीकर चालूच असतो, हे तू विसरलास. मी स्वयंपाकघरात होते. पुण्यात शुद्ध बोलतोस, पण मतलब असला की तुला आपली बोली बरोबर आठवते. "बाबा, डिंपलचं नाव कायले पाहिजे? गाडी माझी हाय. अन् तिच्यासाठी गोंदियाचा पोरगा पाहून रायलो ना मी, त्या लोकायले हे कळलं तं का म्हनतीन?"

काय म्हणायचं ते म्हणू देत. त्या मुलाला मी स्वतःच सांगणार आहे. ऐकून तो पळाला, तर घड्याळ लावून त्याचाही वेळ मोजेन.

आता मुद्द्याचं. शिवरात्रीला मैदानावर सत्कार आहे, आणि ढाल घ्यायला येतोस असं तू कळवलंस. क्लबाची पोरंही येणार आहेत. मार्चमधल्या नागपूरच्या मोठ्या शर्यतीत इथल्या पहिल्या नंबराला थेट जागा आहे, ते नाव त्या दिवशी लिहून घेतील. त्यांच्या वहीत मालक चालत नाही, चालवणारा लागतो. म्हणून आधी विजेत्यानं सगळ्यांसमोर एक फेरी मारून दाखवायची. ढाल तू ने. कंपनीतल्या टेबलावर ठेव, 'थँक्यू भाई' म्हण. ढालीचं मला काही नाही. ती जागा मात्र माझी आहे दादा, आणि ती मला हवी आहे. आयुष्यात मी तुझ्याजवळ काही मागितलं नाही, आणि हेही मागत नाहीये, सांगते आहे.

तरी तुला बसायचंच असेल तर बस. गाडी धुऊन मैदानावर आणून ठेवते. पण पट्टे माझ्या मापाचे आहेत. तुझ्या खांद्यांवरून ते पोटापर्यंत यायचे नाहीत, कुलूप तर दूरच. ते सैल कसे करायचे हे त्या कागदात लिहिलंय. कागद माझ्याजवळ आहे. न वाचता, घाईघाईनं एकेरी ओवून बसू मात्र नकोस, एवढं ऐक. तेवढं हसं व्हायची गरज नाही, आणि तेवढा जीवही तुझा स्वस्त नाही.

काल बाबा गाडीशी उभे होते. पट्टा हातात धरून बघत होते. मी म्हटलं, बाबा, दादा बसायचं म्हणाला तर? सैल करून ठेवू का? मला वाटलं, हो म्हणतील. त्यांनी पट्टा सीटवर ठेवला, दार लावलं.

"कायले? ज्याचं नाव हाय, त्यानं बसून पाहावं."

शिवरात्रीला वाट बघते.

तुझी बहीण,
आणि तुझ्या गाडीची धुरकरी,
डिंपल खेमराज कापगते