एका अंगठ्याला पाच भाकरी

५ जानेवारी
सरपंचपदाचं आरक्षण सुटलं. महिला. सकाळी थोडं वाईट वाटलं. चहा झाल्यावर लक्षात आलं की आपल्या घरात महिला आहे. वनमाला उभी राहील, कारभार मी बघेन. तिला अजून सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, सहीच तर करायची आहे.

आचारसंहिता लागायच्या आत गावजेवण घालायचं. निमित्त आबांची पुण्यतिथी. ती खरं तर आषाढात असते. आबा समजून घेतील.

९ जानेवारी
किराणा मी स्वतः ठरवणार. लोक इथंच चुकतात, दुसऱ्यावर सोडतात. आपल्या आष्टी भागात एक बरं आहे, गावजेवण म्हणजे आमटी. आमटी मांडवात शिजते, भाकरी घरोघरून येते. अर्धं जेवण लोकच आणतात आणि नाव आपलं होतं. जुन्या माणसांचं डोकं मानलं पाहिजे.

गहिनीनाथला बोलावून घेतलं. लहानपणापासूनचा दोस्त, आणि कुणाच्याही जेवणात आमटी ढवळायला तोच असतो. माझं सगळं त्याला पटतं. असा एक माणूस जवळ असावाच.

तूरडाळ, शेंगदाणे, सुकं खोबरं, लसूण, तेल, मिरचीपूड, मसाला. वनमाला आतून म्हणाली, डाळ जास्त धरली आहे आणि मीठ राहिलं. तिला सांगितलं, हे प्लॅनिंग आहे, स्वयंपाक नव्हे. मीठ मग लिहिलं. लक्षात होतंच.

१५ जानेवारी
रीत अशी की जेवण घालणाऱ्या घरची बाई आदल्या दिवशी दारोदार फिरून बायकांना भाकरीचं सांगते. प्रत्येक दारात टेकायचं, चहा घ्यायचा, लेकी-सुनांची चौकशी करायची. लई टाइम जातो. वनमालानं विचारलं, भाकरीचं सांगायला कधी निघू? म्हटलं, कशाला, जग कुठं चाललंय बघ जरा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : ‘भाऊंच्या गावजेवणाला घरटी भाकरी आणावी ही नम्र विनंती.’ ग्रुपवर गावातले सगळे बाप्ये आहेत. बायका नाहीत, राजकारणाचा ग्रुप आहे. संध्याकाळपर्यंत अंगठेच अंगठे आले. एका अंगठ्याला पाच भाकरी धरल्या. त्या हिशोबानं भाकरी उरते. गहिनीनाथ म्हणाला, बरोबर हाय.

१८ जानेवारी
खरेदीला आष्टी. गहिनीनाथ आणि चार कार्यकर्ते बरोबर. (मागच्या आठवड्यापर्यंत ते नुसते पारावर बसायचे. माणूस घडवावा लागतो.)

आधी फ्लेक्स. त्यात दुपार झाली. माझा फोटो मोठा, खाली कोपऱ्यात वनमाला, ‘भावी सरपंच’. तिचा आधार कार्डावरचाच फोटो सापडला. त्यात ती चिडल्यासारखी दिसते. उमेदवार करारी दिसलेला चांगला. मग जेवण, कारण कार्यकर्त्यांना उपाशी ठेवून चालत नाही. किराणा दुकानात पोचलो तेव्हा दुकानदार शटर ओढायच्या बेतात होता. उभ्या उभ्या सगळं घेतलं. मिरचीपूड ठरल्यापेक्षा दुप्पट घेतली. गाव मर्दांचं आहे. मीठ राहिलं. ते गावात मिळतं.

१९ जानेवारी
फ्लेक्स वेशीत लागला. वनमाला दळण आणायला गेली तेव्हा तिला कळलं की ती उभी आहे. घरी आली, डबा ठेवला, एक शब्द बोलली नाही. म्हणजे मान्य. संध्याकाळी छबुबाईकडे जाऊन बसली. छबुबाई गल्लीच्या टोकाला राहते, बायकांचा बचत गट चालवते. तिथं आणखी बऱ्याच बायका जमलेल्या होत्या म्हणे. प्रचार सुरू केलेला दिसतो. न सांगता. समाधान वाटलं.

२१ जानेवारी
आज गावजेवण.

दुपारपर्यंत सगळं माझ्या प्लॅनप्रमाणे. आमटीचा वास पार शाळेपर्यंत गेला. पंगत बसली, ज्याचं त्याचं ताट पुढ्यात. भाकरी कुठंच नाही. जो तो शेजाऱ्याच्या ताटात बघायला लागला. कार्यकर्त्यांतल्या अभिमन्यूला म्हटलं, तू पहिला अंगठा दिलतास ना बे? तो म्हणाला, “अंगठा दिला भाऊ, भाकरी काय मी थापतो का?”

मग एकेक जण घरी जाऊन आला. हात हलवत. सगळ्या घरांत एकच उत्तर : आमाला कुणी सांगितलं? नवऱ्यांनी घरी विषयच काढला नव्हता. ग्रुपवरचं ग्रुपवरच राहिलं.

जीप पाठवून टोस्ट मागवले. आमटीत टोस्ट वाईट लागत नाही, हे मी पंगतीत फिरून सांगत होतो. पण मिरची बाधली. भिवराबाईचा म्हातारा पंगतीतून उठला आणि जनावरांच्या हौदाला तोंड लावलं. त्याचा कुणीतरी व्हिडिओ काढला. माझ्याच ग्रुपवर टाकला. त्यालाही अंगठे.

संध्याकाळी
कढई अर्धी भरलेली आहे. शांतपणे विचार केला. किराण्यात चूक नव्हती. लोक कमी पडले.

२७ जानेवारी
पोरं मला ‘टोस्टभाऊ’ म्हणतात. याचा अर्थ नाव घरोघर पोचलं. पैसे देऊन एवढी प्रसिद्धी होत नाही. वनमाला रोज छबुबाईकडे. काय बोलता, विचारावं म्हटलं, पण उमेदवाराला मोकळीक दिली पाहिजे.

२४ फेब्रुवारी
आज आष्टीला फॉर्म भरायचा होता. वनमालाचा फॉर्म मीच भरला, फक्त सहीची जागा सोडली. ती म्हणाली, पुढं व्हा, मी येते. नवा शर्ट घातला. तहसीलसमोर हार घेऊन उभा राहिलो.

आली. दुसऱ्या जीपमधून. जीप बायकांनी खच्चून भरलेली. पुढच्या सीटवर छबुबाई. आत जाऊन छबुबाईचा फॉर्म भरला. सूचक म्हणून सही वनमालाची. तिच्याकडचं पेन चालेना, तेव्हा बाहेर येऊन माझंच मागून नेलं. मी दिलं.

गहिनीनाथनं विचारलं, हार कुणाला घालायचा. त्याला मी पहिल्यांदाच शिवी दिली. तो म्हणाला, बरोबर हाय.

२५ फेब्रुवारी
वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. सकाळपासून जेवलो नाही, आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

शेवटी वनमालाला बोललोच. घरचं सरपंचपद दुसऱ्याच्या दारात नेऊन दिलंस, कावून? ती चिडली नाही. समोर बसली. म्हणाली, “उभी राहतीस का, म्हणून तुमी मला एकदा तरी इचारलं का?”

विचारलं असणार. गहिनीनाथला विचारून खात्री करून घेतो.