मोठ्या साहेबांना कोकम कसं विकावं

रत्नागिरी

ती. भागोजीमामांस,

अनिलचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का? मामीचा खोकला गेला, की अजून शेजाऱ्यांना उठवतो? (इकडे सर्व ठीक. म्हणजे रेणुका माझ्याशी बोलत नाही, बाकी ठीक.)

कारण कोकम सरबत. तिच्या बचत गटाने दोनशे खोकी भरली आणि मोठ्या साहेब लोकांना ईमेल करून आठवड्यात खपवतो, असं मी चारचौघींत बोलून बसलो. खोकी आमच्या पुढच्या खोलीत आहेत, नेमका गणपती बसतो तिथे. चतुर्थीला बारा दिवस उरलेत. यंदा घराबाहेर कोणाला बसवायचं, बाप्पाला की मला, एवढंच रेणुकाने वेदिकेकरवी (आमची कन्या) विचारलंय.

हॉटेलांच्या एकेचाळीस साहेबांना मी लिहिलं. आपल्या रीतीने: आधी क्षेमकुशल, मग पाऊसपाणी, मग आमच्या घराण्याची थोडक्यात माहिती (तीन पानं), आणि सरबत अगदी शेवटी, कारण दारात पाऊल टाकताच कामाचं बोलणं बरं दिसत नाही. उत्तर एकच आलं: साहेब रजेवर आहेत. बरं वाटलं, माणूस कळवतो तरी. मी लिहिलं, प्रवास सुखाचा होवो. लगेच उत्तर, साहेब रजेवर आहेत. मी विचारलं, तब्येतीचं काही नाही ना? अशी आमची पाच पत्रं झाली. सहावं लिहिताना वेदिकेने पाहिलं आणि सांगितलं की उत्तरं मशीन देतंय. असेना, पण उत्तराला चुकत नाही. आपल्या नात्यात असे किती आहेत?

मग तिने मला शिकवलं. चार ओळी लिहायच्या, मागणं एकच ठेवायचं, आणि साहेबांची आधी नीट माहिती काढायची, म्हणजे त्यांना वाटतं हा खास आपल्यालाच लिहितोय. मामा, माहिती काढायला कोकणी माणसाला शिकवावं लागतं? राजापूर एसटीची एक फेरी मारली. बेचाळिसावे साहेब, मुंबईत चौदा हॉटेलं असलेले राकेश, तुमच्याच वाडीचे, तुमच्याच भावकीतले निघाले. त्यांच्या हद्दीतलं फणसाचं झाड गेल्या उन्हाळ्यात कोणीतरी तोडलं, हेही कंडक्टरने सुटे देता देता सांगितलं. मी ईमेलला विषय दिला, 'तुमच्या फणसाविषयी'.

चार मिनिटांत फोन. साहेब स्वतः. मुंबईचं सगळं बोलणं बाजूला ठेवून म्हणाले, "फणस कोणी तोडलान?"

मी म्हटलं, "साहेब, खोकी दोनशे आहेत."

"सगळी घेतो. नाव सांग."

असो. मामीला नमस्कार.

तुमचा,
अनिल

ता. क. नाव सांगितलं. भाचा आहे खरा, पण बाप्पालाही जागा हवी. तुम्ही फक्त "होय, मीच तोडला, चुकलं" एवढं म्हणा. त्यांना फणस परत नकोय, तुम्ही चुकलात हे तुमच्या तोंडून हवंय.

ता. क. २ साहेब रविवारी तुमच्याकडेच येतायत. माल तिथेच बघतील. खोक्यांचा टेम्पो आज सकाळी निघाला, माजघर रिकामं करून ठेवा. ऑर्डरवर सही होईपर्यंत त्यांना अंगणातच बसवा, पाऊस आला तर छत्री धरा. तुमचं नवं दार कोणत्या लाकडाचं आहे, ते लांबून कळत नाही.